अठराव्या अध्यायातलं पाचवं वचन आधी: ज्यू घरातल्या समलिंगी आणि ट्रान्स माणसांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ठाण्याच्या घरी किद्दुशला, म्हणजे शब्बाथ हा आठवड्याचा विसाव्याचा दिवस लागताना पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, बाजारची वाइन नसायची. आजी दुपारीच काळ्या मनुका भिजत घालायची, हाताने कुस्करून फडक्यातून गाळायची आणि तो जांभळट रस चांदीच्या पेल्यात ओतायची. पेला सगळ्यांच्या हातातून फिरायचा. माझ्या आतेभावाकडे आला की आजी हमखास म्हणायची, "पुढच्या साली तुझी मेंदी." तो हसायचा आणि पेला पुढे सरकवायचा. त्या क्षणी तो पेल्याला ओठसुद्धा लावत नसे, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

योम किप्पूरला, म्हणजे आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी दरफाळणीच्या सणाला, दुपारच्या मिन्हा प्रार्थनेत तो उठून बाहेर जायचा. उपासाने चक्कर येते म्हणायचा. पुढे मी इस्रायलमध्ये अश्दोदला त्याच्या घरी महिनाभर राहिले, तेव्हा त्याने खरं सांगितलं. "त्या दुपारी वैयीक्राचा अठरावा अध्याय वाचतात. बाविसावं वचन यायच्या आधी मी जिन्यात असायचो."

वैयीक्रा हे तोराह या आमच्या मूळ धर्मग्रंथातलं तिसरं पुस्तक. त्यातल्या अठराव्या अध्यायाचं बाविसावं वचन म्हणजे पुरुषाने पुरुषाबरोबर स्त्रीसारखं निजू नये, हे. विसाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात त्याची शिक्षा आहे. ही दोन वचनं पाठ असलेली माणसं जगभरच्या ज्यू वस्त्यांत भेटतात. पण त्याच अठराव्या अध्यायात, सतरा वचनं आधी, आणखी एक वाक्य आहे: माझे नियम पाळा, ते पाळणारा माणूस त्यांच्या योगे जगेल. तालमूद या धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातल्या योमा या भागात शमुएल नावाच्या पंडिताने त्याचा अर्थ लावला की नियमांनी माणसाने जगायचं आहे, मरायचं नाही. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणं, इतर जवळपास सगळ्या आज्ञांवर मात करतं, ते या आधाराने.

इथे एखादे जाणते काका लगेच बोट वर करतील: मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध संबंध हे तीन अपवाद आहेत ना? आहेत. पण ते अपवाद त्या कृत्यांपुरते आहेत. खचलेल्या पोराला डॉक्टरकडे नेणं, रात्री त्याच्यासाठी दार उघडं ठेवणं, त्याचा फोन उचलणं, यातलं काहीही त्या तिनांत बसत नाही.

पुढे लिहिलं आहे ते याच क्रमाने: आधी जीव, मग बाकीचं. मी डॉक्टर नाही आणि रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तर नाहीच. आतेभावाच्या निमित्ताने, आणि नंतर आणखी तीन-चार घरांत मध्यस्थ म्हणून बसून जे उमगलं ते मांडते आहे. बरंचसं आम्हा बेने इस्राएल लोकांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, अनुभवातलं आहे, पण न्यू यॉर्कच्या किंवा लंडनच्या ज्यू घरालाही त्यातलं पुष्कळ लागू पडेल.

पायरी पहिली: शब्बाथ लागण्याआधी एक कागद लिहा

धार्मिक घरात शुक्रवारी सूर्यास्ताला फोन बंद होतो तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. साधारण पंचवीस तास. एरवी हे तास सुखाचे असतात. पण मनातून खचलेल्या मुलाला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर बसायचं असतं, मित्राला मेसेज करता येत नाही आणि गाडी काढून कुठे जाताही येत नाही. हा वेळ आधीपासून डोक्यात धरून ठेवायला हवा.

गुरुवारीच एका कागदावर पाच गोष्टी लिहा. माझं बिनसायला लागलं की आधी काय होतं (झोप उडते, जेवण नको होतं, "माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं चालेल" असं वाटू लागतं). मी एकट्याने काय करून सावरतो. कोणाच्या घरी चालत जाता येईल. इथे चालत हा शब्द महत्त्वाचा, कारण शब्बाथला तेच घर उपयोगाचं. कोणाला फोन करायचा. आणि घरातल्या कोणत्या धोकादायक वस्तू दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्यायच्या, साठवलेल्या औषधांसकट. शेवटची गोष्ट लोक टाळतात. इस्रायली सैन्याने २००६ साली सैनिकांना सुट्टीवर जाताना बंदूक छावणीतच ठेवायला लावली आणि तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. ती वेळ टळली तर पुष्कळदा माणूस वाचतो.

फोन बंद न करता नुसता आवाज बंद करून उशाशी ठेवा. आणि वेळ आलीच तर लावा. शब्बाथ मोडला का, हा प्रश्न त्या वेळी विचारायचाच नाही. शुल्हान आरुख या सोळाव्या शतकातल्या धर्मसंहितेत ओराह हायिम विभागाच्या ३२८ व्या प्रकरणात स्पष्ट लिहिलं आहे की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्यासाठी शब्बाथ मोडणं हे कर्तव्य आहे, जो चटकन करतो त्याची स्तुती होते आणि जो विचारत बसतो तो रक्त सांडतो. हे वाक्य मी त्या कागदाच्या मागे लिहून देते. धार्मिक मुलांना त्याचा जेवढा आधार वाटतो तेवढा माझ्या कुठल्याही उपदेशाचा वाटलेला नाही.

इस्रायलमध्ये एरान या मदतवाहिनीचा क्रमांक १२०१. भारतात सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अमेरिकेत ९८८.

घरच्यांनी संशय आला तर सरळ विचारावं: "जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येतात का तुझ्या मनात?" विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" आलं तर भाषण नको, रडारड नको. जवळ बसा, एकटं सोडू नका, फोन लावा.

पायरी दुसरी: आजार कशाला म्हणायचं ते ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. ट्रान्स असणंही आता त्यांच्या मानसिक विकारांच्या प्रकरणात नाही. तेव्हा औषध हवं असेल तर ते नैराश्याला, चिंतेला, झोपेला, आवडीनिवडीला नव्हे.

मग मन एवढं थकतं कशाने? लपवण्याने. शिद्दुखची म्हणजे सोयरिकीची बोलणी टोलवायची, व्हॉट्सॲपवरचा फोटो कापून लावायचा, आवाज कसा निघतो, हात कसे हलतात यावर दिवसभर पहारा ठेवायचा. ज्यू समाजात याला एक जादा पदर आहे. "फळा, बहुगुणित व्हा" ही तोराहमधली पहिली आज्ञा मानली जाते, आणि हिटलरच्या काळात इतके लोक मारले गेल्यावर मूल जन्माला घालणं ही वंश टिकवण्याची जबाबदारी होऊन बसते. आमच्यासारख्या भारतात जेमतेम काही हजार उरलेल्या समाजात तर प्रत्येक न झालेलं लग्न मोजलं जातं. आतेभाऊ म्हणायचा, "मी नकार दिला की एका मुलीला नाही, सबंध कोकणाला नकार दिल्यासारखं बघतात."

पायरी तिसरी: समुपदेशक निवडताना दोन्हीकडचे खड्डे बघा

आतेभाऊ पहिल्यांदा मुंबईत ज्यांच्याकडे गेला त्यांनी चौथ्या भेटीत सांगितलं, "एखादी मुलगी बघा, सवयीने होईल." पुढे इस्रायलमध्ये ज्यांच्याकडे गेला ते अगदी मोकळ्या विचारांचे होते, त्यांनी सुचवलं, "किप्पा (डोक्यावरची छोटी टोपी) काढ, शब्बाथ सोड, अर्ध्या अडचणी आपोआप जातील." त्याला दोघांचाही सारखाच राग आला. शब्बाथ ही त्याची अडचण नव्हतीच. आठवड्यातून एकदा त्याला जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटायचं ते त्याच दिवशी.

म्हणून पहिल्या भेटीत, किंवा फोनवरच, तीन प्रश्न विचारा. समलिंगी किंवा ट्रान्स असणं बदलायला हवं, असं तुम्हाला वाटतं का? (घुटमळले तरी उत्तर कळतं.) मला धर्म सोडायचा नाही, हे तुम्हाला चालेल का? आमच्या समाजातलं कोण तुमच्याकडे येतं? तिसरा प्रश्न आगाऊ वाटेल, आणि नाव कोणी सांगणारही नाही, सांगूही नये. पण समाज एवढा लहान आहे की समुपदेशकाची बायको आणि तुमची मावशी एकाच भजनी मंडळात निघू शकतात. अशा वेळी गावाबाहेरचा, ऑनलाइन बोलणारा माणूस बरा. मुंबई-पुण्याकडे शोधत असाल तर 'क्वीअर अफर्मेटिव्ह' प्रशिक्षण घेतलं आहे का, ते विचारा. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा या विषयावर अभ्यासक्रम आहे आणि तो केलेले समुपदेशक आता बरेच आहेत.

"बदलून देतो" म्हणणाऱ्याकडे पाऊल टाकू नका, मग तो डॉक्टर असो की दाढीवाले गुरुजी. न्यू जर्सीत जोना नावाची ज्यू संस्था असे उपचार विकायची. तिच्याकडे गेलेल्या तरुणांनी आणि काही आयांनी कोर्टात खेचलं आणि जून २०१५ मध्ये ज्युरीने तिला ग्राहकांच्या फसवणुकीबद्दल दोषी धरलं. मला हे फार आवडतं: धर्माचा खल नाही, नीतीचा नाही, पैसे घेतलेत, माल खोटा होता. इस्रायलच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोग्य व्यावसायिकांना असे उपचार करायला मनाई केली. भारतात मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली त्याला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आपल्या डॉक्टरने असं काही सुचवलं तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

औषधं चालू असतील तर दरफाळणीच्या उपासाआधी दोन आठवडे डॉक्टरशी बोला. लिथियम घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण पाणी न प्यायल्याने रक्तातलं त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. उपासासाठी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

पायरी चौथी: कोण कुठे उभं आहे

"ज्यू धर्म काय म्हणतो" याला एक उत्तर नाही, आणि ज्याला त्रास होतो आहे त्याला हे माहीत असलं तरी पुष्कळ हलकं वाटतं. लॉस एंजेलिसला समलिंगी लोकांनी १९७२ सालीच आपलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, उभं केलं, बेथ हायिम हदाशिम. न्यू यॉर्कचं बेथ सिमहात तोरा १९७३ चं. उदार विचारांच्या पंथांपैकी रिकन्स्ट्रक्शनिस्टने १९८४ पासून आणि रिफॉर्मने १९९० पासून समलिंगी रब्बी स्वीकारले. मधल्या वाटेच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाची धर्मसमिती डिसेंबर २००६ मध्ये बसली आणि तिने परवानगीचा आणि मनाईचा, असे दोन्ही निर्णय मंजूर केले. मतदार पंचवीस, दोन्हीकडे तेरा-तेरा मतं, म्हणजे निदान एका महाशयांनी दोन्हीकडे हात वर केला! परवानगीच्या निर्णयाने तोराहमधली थेट मनाई तशीच ठेवली, पण त्याभोवती रब्बींनी घातलेली कुंपणं काढली. आधार घेतला केवोद हाब्रियोतचा, म्हणजे माणसाच्या अब्रूचा.

परंपरा काटेकोर पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स पंथात कृत्याची मनाई कायम आहे. पण २०१० साली अमेरिकेत बऱ्याच ऑर्थोडॉक्स रब्बींनी सह्या केलेल्या निवेदनात दोन गोष्टी आहेत ज्या प्रत्येक आईबापाने वाचाव्यात: अशा माणसांना सिनेगॉगमध्ये आणि शाळेत पूर्ण सभासद म्हणून सामावून घ्यावं, आणि त्यांना भिन्नलिंगी लग्नाच्या भरीस पाडू नये, त्यातून आयुष्यं उद्ध्वस्त होतात. ब्रिटनचे मुख्य रब्बी एफ्राइम मिर्व्हिस यांनी २०१८ साली ऑर्थोडॉक्स शाळांसाठी अशा विद्यार्थ्यांच्या भल्याची मार्गदर्शिका काढली, केशेत यूके या संस्थेच्या मदतीने. जेरुसलेमचे रब्बी बेनी लाऊ यांनी २०२० मध्ये धार्मिक कुटुंबांसाठी सूचना लिहिल्या. शीर्षक घेतलं उत्पत्तीच्या पुस्तकातलं, माणसाने एकटं असणं बरं नाही.

ट्रान्स आणि इंटरसेक्स लोकांनी तालमूदमधले तुमतुम (ज्याचं लिंग झाकलेलं आहे) आणि अंद्रोगिनोस (ज्याच्या देहात दोन्हीच्या खुणा आहेत) हे शब्द कोणाकडून तरी समजावून घ्यावेत. स्त्री-पुरुष या दोन खणांत न बसणाऱ्या देहांची चर्चा त्या पंडितांनी निर्विकारपणे केली आहे. येवामोत भागात तर अब्राहाम आणि सारा हे दोघंही तुमतुम होते असं एक मत नोंदलेलं आहे. त्याने आजचे प्रश्न सुटत नाहीत, पण "असलं काही आपल्यात नसतं" म्हणणाऱ्याला द्यायला एक पान मिळतं.

पायरी पाचवी: एका माणसाला सांगा, आणि एकालाच

सगळ्या घराला एकदम, शुक्रवारच्या टेबलावर सांगू नका. नाट्य खूप होतं, आणि पुढचा दिवसभर कोणी कुठे जाऊ शकत नाही. रविवार सकाळ किंवा आठवड्यातला साधा दिवस चांगला.

त्याआधी तीन गोष्टी तपासा. डोक्यावरचं छप्पर कोणाचं आहे? शिक्षणाचा खर्च कोण करतं? बिनसलं तर चार रात्री कुठे काढाल? यातलं काही डळमळीत असेल तर थांबण्यात लाज नाही. ऐन विशीत, आई-वडिलांच्या पैशावर असताना न सांगणाऱ्याला भित्रा म्हणणारे मित्र तुमचं भाडं भरणार नसतात.

पहिला माणूस निवडताना सर्वांत प्रेमळ नको, पोटात गोष्ट ठेवणारा निवडा. आमच्यात प्रेमळ माणसं ढिगाने आहेत. आतेभावाने मला निवडलं याचं कारण त्याने तोंडावर सांगितलं: "तू लग्नांना जात नाहीस."

शब्दांची अडचण खरी आहे. हिब्रूत 'होमो' हा रोजचा शब्द आहे आणि शाळेच्या मैदानावरची शिवीही तीच. मराठीत 'समलिंगी' ऐकलं की घरच्यांना वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतं. तेव्हा लेबल बाजूला ठेवून साधं सांगावं: "मला मुलींबद्दल तसं कधी वाटलं नाही. मुलग्यांबद्दल वाटतं. लहानपणापासून. मी कोणा मुलीशी लग्न करून तिला फसवणार नाही." शेवटचं वाक्य आमच्या घरी सगळ्यांत जास्त कामाला आलं, कारण परक्याच्या मुलीचं वाटोळं करणं हे पाप आजीलाही समजत होतं. इस्रायलमध्ये घटस्फोट रब्बींच्या कोर्टातून होतो, गेत, म्हणजे फारकतीचा कागद, द्यावा-घ्यावा लागतो, वर्षं जातात. "लग्न झालं की सुधारेल" म्हणणाऱ्यांना त्या खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बसवायला हवं.

सांगून झाल्यावर अट घालाच: पुढे कोणाला सांगायचं ते मी ठरवीन. हे दोनदा बोला.

पायरी सहावी: आईबाबांसाठी, पहिली रात्र

पहिल्या रात्री तुम्हाला काही समजायची गरज नाही. "बरं केलंस सांगितलंस. जेवलास का?" एवढं पुरतं. खरंच पुरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किशोरवयात घरच्यांनी फार झिडकारलेल्या समलिंगी तरुणांनी, ज्यांना घरातून फारसं झिडकारलं नाही त्यांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता ८.४ पट होती. तो अभ्यास ज्यू घरांचा नाही, पण हा आकडा वाचला की सिनेगॉगमधले लोक काय म्हणतील हा प्रश्न आपसूक दुसऱ्या क्रमांकावर जातो.

म्हणू नये अशी वाक्यं: "आमचं कुठे चुकलं?" (चुकलं नाही, आणि या प्रश्नाने मुलालाच तुमची समजूत काढावी लागते.) "बाबांना सांगू नकोस, त्यांचं हृदय कमजोर आहे." "कोणाच्या नादाने?" "हिटलरने अर्धे मारले, उरलेले तुम्ही संपवा." होय, हे शेवटचंही मी कानांनी ऐकलं आहे.

तुमचं रडू, राग, लाज हेही खरं आहे. ते मुलाच्या डोक्यावर ओतू नका, दुसऱ्या आईबापांपाशी न्या. इस्रायलमध्ये तेहिला हा पालकांचाच गट आहे. अमेरिकेत एशेल ही २०१० पासूनची संस्था ऑर्थोडॉक्स घरांबरोबर काम करते. मुंबईत स्वीकार नावाचा पालकांचा गट आहे. त्यात ज्यू असायची अट नाही, पण मुलाचं ऐकून बधिर झालेली आई कुठल्याही धर्मात सारखीच दिसते. मुलांसाठी इस्रायलमध्ये धार्मिक पुरुषांची हवरुता आणि धार्मिक स्त्रियांची बात कोल या संस्था आहेत, जेरुसलेमचं ओपन हाउस आहे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट.

एका बाबतीत आईबाबांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. ३० जुलै २०१५ ला जेरुसलेमच्या प्राइड मोर्चात एका अतिधार्मिक माणसाने सुरा चालवला आणि शिरा बांकी ही सोळा वर्षांची मुलगी गेली. ती मित्रमैत्रिणींना पाठिंबा द्यायला आली होती. कुठे, किती उघड व्हायचं हा प्रत्येकाचा हिशेब आहे. तेल अवीवच्या रस्त्यावर हात धरणं वेगळं आणि जेरुसलेममधल्या मेआ शेआरिम या अतिधार्मिक वस्तीत वेगळं.

पायरी सातवी: आजीशी बोलायचं तर १९६४ पासून सुरू करा

ही पायरी फक्त आमच्या लोकांसाठी.

१९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बी कार्यालयाने लग्नं लावणाऱ्यांना सूचना दिली: बेने इस्राएल वर किंवा वधू आली तर आई, आजी असं मागे मागे जाऊन वंश तपासा. आमचं ज्यू असणंच संशयात. आजीची धाकटी बहीण दुसऱ्याच वर्षी इस्रायलच्या दिमोना गावी लग्न करायची होती. तिच्याकडे आईच्या आईचे कागद मागितले. अलिबागजवळच्या खेड्यात घाण्यावर तेल गाळणाऱ्या बाईचे कसले कागद असणार? आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, इतरांच्या बरोबरीचे.

ही गोष्ट आमच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ आहे. आतेभावाने आजीला दुसरं काही न सांगता तीच पुन्हा सांगायला लावली. ती रंगात आली: "म्हणे तुमचं लग्न लागत नाही! कोण तुम्ही सांगणारे?" तो म्हणाला, "आजी, माझंही लागत नाही." ती गप्प झाली. मग म्हणाली, "आम्ही खोटं नव्हतो सांगत." "मीपण नाही." त्या दिवशी तेवढंच झालं. आठवड्याने तिने मला फोन करून विचारलं, त्याच्याबरोबर राहतो तो मुलगा मासे खातो का.

तुलना रेटू नका, हे मात्र सांगते. "तुमच्यावर अन्याय झाला तसाच माझ्यावर" असं तोंडाने म्हटलं की म्हातारी माणसं बिथरतात, त्यांना आपलं दुःख वापरलं गेल्यासारखं वाटतं. गोष्ट त्यांनाच सांगू द्या आणि पुढचं पाऊल त्यांच्यावर सोडा. सगळ्याच आज्यांना मासे आठवत नाहीत, हेही खरं.

पायरी आठवी: सिनेगॉगमध्ये नेमकं काय मागायचं

"हे पाप आहे का?" असं रब्बीला विचारलं की उत्तर ठरलेलं येतं आणि दोघांचीही कोंडी होते. मोजता येतील असे प्रश्न न्या. मला मिनयानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, धराल ना? तोरा वाचताना पुढे बोलवाल का? माझ्या जोडीदाराची आई गेली तर त्याच्यासाठी कद्दिशला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायच्या प्रार्थनेला, दहा माणसं जमतील का? आमच्या मुलाच्या नामकरणाला कोणती नावं पुकारणार? कित्येक ऑर्थोडॉक्स रब्बी पहिल्या प्रश्नाला बिनदिक्कत हो म्हणतात, कारण दहा माणसांत कोण घरी काय करतो हे कोणाचंच विचारत नाहीत. शब्बाथला गाडी चालवणाराही त्यात धरला जातोच.

इस्रायलमध्ये समलिंगी लग्न होत नाही, पण परदेशात झालेल्या लग्नाची सरकारी नोंद २००६ पासून होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले, लग्नाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला नाही म्हटलं. सिनेगॉगमध्ये कागद मागत बसू नका, पण दवाखान्यात, बँकेत तो लागतो. वारसनोंद आणि इच्छापत्र करून ठेवा.

महाराष्ट्रात तर बहुतेक ठिकाणी रब्बी नसतातच. प्रार्थना हजान चालवतात आणि निर्णय ट्रस्टी, मुकादम, जुनी चार माणसं घेतात. तेव्हा धर्मशास्त्रापेक्षा माणूस ओळखणं उपयोगाचं. ज्या ट्रस्टींचा नातू बाहेर शिकतो आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा.

सोपी जागा पाहिजे असेल तर मालिदा, आमचा आभाराचा विधी. तो घरात होतो, एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. यजमान ठरवतो कोणाला बोलवायचं. आतेभावाने नवीन घर घेतलं तेव्हा मालिदा केला, आणि त्याच्या जोडीदाराने खोबरं खवलं. आलेल्या बायकांनी त्याला खवणी धरता येत नाही यावरून तासभर चिडवलं. कोण आहे हा, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

पायरी नववी: दरफाळणीची दुपार

वर्षातला हा एक दिवस आधीच आखून ठेवा. मिन्हाची तोरा वाचायला उठले की बाहेर जायची पूर्ण मुभा आहे, कारण द्यायची गरज नाही. काही रिफॉर्म सिनेगॉगमध्ये त्या दुपारी अठराव्याऐवजी एकोणिसावा अध्याय वाचतात, शेजाऱ्यावर प्रेम कर हे वचन असलेला. जवळ असेल तर तिथे जा. नाहीतर आत बसून पाचव्या वचनावर बोट ठेवा आणि ते बोट उचलू नका. एका मुलीने मला ही युक्ती सांगितली. एकट्याने मात्र राहू नका. उपाशीपोटी, सगळं शहर बंद असताना, रिकाम्या घरात नको ते विचार लवकर येतात. वाचन संपलं की योना या संदेष्ट्याची गोष्ट सुरू होते. तेव्हा परत आत या.

आतेभाऊ अजून जिन्यातच जातो. गेल्या वर्षी त्याच्या मागोमाग आतोबा बाहेर आले. बहात्तर वर्षांचे आहेत, त्या वचनाबद्दल ते कधी एक अक्षर बोललेले नाहीत. एक पायरी खाली बसले, टेकून डोळे मिटले. आतून योनाचं पहिलं वाक्य ऐकू आलं तसे म्हणाले, "चल. गुडघा धरलाय, हात दे."